‘वर-खाली’ म्हणायचं की नाही

ता. ६ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि त्याचं खापर तू आमच्या बँडवर फोडतेस. तुझ्या मागच्या खोलीत आम्ही गिटारी ठणाणा वाजवायचो हे खरं, पण पुढच्या खोलीत तुझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, वाचनालय नव्हे. कानांच्या बाबतीत अर्धा दोष तुझा.

मंडळी ठीक आहेत. धोपट्या दिवसभर रुग्णवाहिका चालवतो आणि संध्याकाळी कमरेला पट्टा बांधून ड्रम बडवतो. काडी दातांच्या कवळ्या बनवते. परवा तिच्या गिटारच्या पेटीतून वरच्या दातांची अख्खी रांग निघाली. मौनी चष्म्याच्या दुकानात आहे. अजूनही स्वतः बोलत नाही, गिऱ्हाइकांना मात्र मोठ्याने अक्षरं वाचायला लावतो. मी बस डेपोच्या ऑफिसात गाड्यांच्या वेळा जुळवतो. रस्त्यावर उतरून जगाला आग लावू म्हणणारी आम्ही चौघं आता पावणेसहाला सुटतो आणि सरावाला येणाऱ्याच्या हाती बिस्किटं मागवतो.

नव्या गाण्यांची सीडी सोबत आहे. सावकाश ऐक आणि नेहमीसारखी सोलून काढ.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात आमच्या पहिल्या कार्यक्रमाला वीस वर्षं होतील. त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय. लोक येणार ते ‘वर-खाली’साठी, आणि मला ते म्हणवत नाही. तुला पाठ असेल, तरी लिहितो:

वर-खाली, वर-खाली, पाना तुझ्या हाती,
जन्मभर फिरलास, पोचलास किती?
जिना चढेन, पाय मोडेन, पण मी नाही होणार तू,
मी नाही होणार तू!

मागच्या महिन्यात माझी लेक आरशासमोर उड्या मारत हेच म्हणत होती. चार वर्षांची. शेवटच्या ओळीला वळून तिने माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले, मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बाबांवर लिहिलेलं हे गाणं त्यांनी ऐकलंय की नाही, हे इतक्या वर्षांत मी विचारू शकलो नाही. आम्ही बोलतो ते त्यांच्या गुडघ्याबद्दल आणि माझ्या गाडीच्या टायरबद्दल. नोव्हेंबरात ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त होतील. म्हणून मी नवे शब्द लिहिलेत:

वर-खाली, वर-खाली, तुझ्या खांद्यांवरती
सारं शहर पोचलं, तू राहिलास खालती.

तू त्यांना हे वाचून दाखव. आवडलं तर हेच म्हणेन. नाही तर गाणं कायमचं बंद. धोपट्याचं म्हणणं, गाणं बंद केलंस तर मीही काठ्या खाली ठेवतो. ते आता तुझ्या एकट्याच्या मालकीचं नाही, असं मला सुनावतो. चौघांचं इतक्या वर्षांचं जमलेलं एका गाण्यापायी विस्कटतंय, आत्या. लवकर कळव.

दुकान सांभाळ, पण त्याहून पाठ सांभाळ. माया करतेस तशीच करत राहा.

तुझा
भोंगा

ता. १९ ऑगस्ट

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, सीडीही पोचली. जन्मलास तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं तुझं रडणं खाली फाटकापर्यंत ऐकू आलं, म्हणून मी तुझं नाव भोंगा ठेवलं. नवी गाणी ऐकून वाटलं, नाव बदलायची वेळ आली.

मी शाळा पाहिली ती चौथीपर्यंत, पुढचं जे वाचलं ते मशीनला तेल मुरेस्तोवर. त्यामुळे तुमच्या संगीतातलं मला विचारू नकोस, शब्दांचं सांगते. पहिल्या सीडीत तुम्ही नुसते ओरडत होता. मास्तर वाईट, शेजारी वाईट, सोडून गेलेली मुलगी तर वाईटच वाईट. दुसरीत भाड्याच्या खोल्या आल्या, मालक आला, कुणी उचलत नाही असे फोन आले. त्यात पहिल्यांदा चूक तुमचीही असू शकते असा संशय डोकावला. आणि या नव्या सीडीत काडी तिच्या आईची कवळी घासून पुसून ठेवते, धोपट्या लेकीच्या तापात उशाशी बसतो. पूर्वी तुमच्या प्रत्येक गाण्यात कुणीतरी दार आपटून जायचं. आता दार हलकेच ओढून घ्यायला लागलात, कारण आत मूल झोपलंय. मला आवडलं. फक्त मौनीने लिहिलेलं गाणं कुठलं ते कळलं नाही. बहुतेक ते मधलं, शब्द नसलेलं.

आता तुझ्या बापाचं. ऐकलंय का म्हणून काय विचारतोस? अरे, कामावरची पोरं जेवणाच्या सुट्टीत टेबलावर ठेका धरायची. तो डबा उचलून गच्चीवरच्या मशीनखोलीत जाऊन बसायचा. हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितलं. धाकटा म्हणजे धाकटाच, लहानपणापासून त्याच्या पोटातलं ओठावर येत नाही.

रविवारी तो माझं शटर दुरुस्त करायला आला तेव्हा तुझे नवे शब्द मी त्याला वाचून दाखवले. चष्मा कपाळावर चढवून ऐकले. पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचले. मग म्हणाला, हे चूक आहे. तो कुणालाच कुठे पोचवत नाही म्हणे. तो आला म्हणजे लिफ्ट बंद पडलेली असते. तो काम करतो तोवर सगळी बिल्डिंग जिने चढते आणि त्याच्या नावाने खडे फोडते. मग हसला आणि मला विचारलं की, भोंग्याला काय वाटतं, मी लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबतो?

बाळा, मला विचारशील तर शब्दही बेतास बात आहेत. जिवंत माणसाचा पुतळा करून चौकात उभा केलास. आधी दगड मारलेस, आता रंग देतोस. दोन्ही वेळा तो तिथे नव्हताच. एक दिवस त्याच्याबरोबर कामावर जा. काय करतो ते बघ तरी.

धोपट्याशी भांडू नकोस, त्याच्या कमरेला शेक घ्यायला सांग. आशीर्वाद आहेतच, मागावे लागत नाहीत.

तुझी
आत्या

ता. १० सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

रागावलो होतो म्हणून उत्तराला उशीर. त्या ओळींवर मी कितीतरी रात्री घालवल्या होत्या. धोपट्याही म्हणाला की, निरोपसमारंभात साहेब भाषण करतात तसं वाटतं. तुम्ही दोघं एकमेकांना पत्र लिहिता का?

मी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘वर-खाली’ बंद. धोपट्याने ड्रमच्या काठ्या पिशवीत घातल्या आणि निघून गेला. पुढच्या सरावाला आलाच नाही. काडी म्हणते, त्याच्याशिवाय कार्यक्रम नाही. मौनी म्हणाला, बरोबर. त्याने तोंड उघडलं म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते बघ.

बाबांबरोबर जायचं म्हणतेस, पण काय तोंडाने जाऊ?

लोभ आटू देऊ नकोस.

भोंगा

ता. १७ सप्टेंबर

चि. भोंग्यास,

आशीर्वाद.

आहे त्याच तोंडाने जा. मी धाकट्याशी बोलले आहे. पुढच्या मंगळवारी सकाळी त्याच्या गोदामापाशी उभा राहा. जाड तळव्याचे बूट घाल, सैल बाह्यांचा शर्ट घालू नकोस. गाण्याचा विषय तू काढू नकोस, मीही काढलेला नाही.

घाईत आहे. एका शिंप्याचं मशीन उघडं पडलंय आणि शिंपी समोर बसून सुस्कारे टाकतोय.

आत्या

ता. २८ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

गेलो होतो. नीट सांगतो.

सकाळी एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत काम होतं. सर्वांत वरच्या मजल्याच्याही वर एक खोली असते, हे मला माहीत नव्हतं. आत माझ्या छातीएवढं चाक, त्यावरून उतरणारे पोलादी दोर, ग्रीसचा वास आणि ओव्हनसारखी गरमी. बाबा प्रत्येक दोरावरून फडकं फिरवत होते. तार तुटलेली असेल तर फडक्याचा धागा अडकतो. मला बॅटरी धरायला दिली. मी ती चाकावर रोखायचो, त्यांना दोरावर हवी असायची. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझं मनगट धरून वळवलं. त्यांनी माझा हात शेवटचा कधी धरला होता, आठवत नाही.

दुपारी एका दवाखान्याच्या इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक माणूस आणि एक म्हातारी. माणूस दारावर लाथा घालत होता आणि अशा शिव्या देत होता की, मला धोपट्याची आठवण झाली. जोडीदार वर मशीनखोलीत गेला. मला वाटलं, बाबा पाना काढतील. ते दाराशी फरशीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि फटीपाशी तोंड नेऊन बोलायला लागले. म्हातारीला विचारलं, कितव्या मजल्यावर जायचं होतं, घरी कोण असतं. त्या माणसाला म्हणाले की, मी इथेच आहे, कुठे जात नाही. तो त्यांच्या आईवरून बोलला. हे म्हणाले, हो, मी इथेच आहे. जोडीदार काम करून लिफ्ट खाली आणेपर्यंत ते बोलत राहिले.

दार उघडलं. म्हातारीने बाबांचा हात दाबला. तो माणूस त्यांच्याकडे न बघता जिन्याने निघून गेला. मीच तापलो. बाबा म्हणाले की, आत अडकलेला माणूस ओरडणारच, आणि दाराबाहेर जो असेल त्यालाच ते ऐकावं लागणार. दुसरं असतं कोण तिथे?

मग आम्ही जिन्यात बसून चहा घेतला. तू नको म्हणाली होतीस तरी मी विषय काढला. त्यांनी ऐकलं होतं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशीही वाटलं, पुढेही बरेच दिवस वाटत राहिलं म्हणाले. हे त्यांनी लपवलं नाही. मग विचारलं की, गाणं लिहिलंस तेव्हा तू किती वर्षांचा होतास. मी म्हणालो, सतरा. पेला रिकामा करून ते एवढंच म्हणाले, “मग बरोबर आहे.”

नवे शब्द फाडून टाकायला सांगितले. जुने आहेत तसेच म्हण, तिथे सतरा वर्षांचं कुणीतरी येतच असेल, म्हणाले. कार्यक्रमाला याल का विचारलं, तर गुडघा बघून ठरवू.

तिथून मी थेट धोपट्याकडे गेलो. तो लेकीचा शाळेचा गणवेश इस्त्री करत होता. मी चुकलो म्हणालो. त्याने इस्त्री माझ्या हातात दिली आणि पाण्याची बाटली आणायला गेला. आमची दिलजमाई ही अशी.

एक नवं गाणं होतंय. फार नाही, एवढंच जमलंय:

दार अजून उघडत नाही, तोवर बोलत बसेन,
सांग, घरी कोण असतं? मी इथेच असेन.

धोपट्याला सावकाश वाजवता येत नाही. मोजत बसलो की पुढे पळतो. शिकतोय.

लोभ आहे, तो वाढता असू दे.

तुझा
भोंगा

ता. २२ डिसेंबर

चि. भोंग्यास,

आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही. ताईने कागद समोर ठेवला आणि स्वतः दुकानात जाऊन बसली, म्हणून लिहितो.

कार्यक्रमाला आलो होतो. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पुढे खुर्ची मांडली असतीस. आम्ही दोघं मागे खांबापाशी उभे होतो. ताईने कानात कापूस घातला होता. तुमचा आवाज फार आहे. त्या हॉलचा मजला लाकडी आहे आणि सांधे सैल झालेत. सगळे एकदम उड्या मारतात तेव्हा तो पायाखाली वाकतो. मालकाला खालून टेकू द्यायला सांग. हसण्यावारी नेऊ नकोस.

नवं सावकाश गाणं कळलं. धोपट्या मधेच जरा पळाला, पण परत आला. छान झालं.

‘वर-खाली’ सुरू झालं तेव्हा तू भिंतीकडे बघत म्हणत होतास. तसं करू नये. समोर बघून म्हणावं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझे आजोबा नदीवर होडी चालवायचे. आर-पार, आर-पार, संध्याकाळपर्यंत. मी सतरा वर्षांचा असताना ती होडी त्यांना माझ्या हातात द्यायची होती. माझ्या मनात खूप होतं, तोंडातून अक्षर निघालं नाही. नोकरी शोधायला जातो म्हणून निघालो तो परत राहायला गेलोच नाही. त्यांनीही काही विचारलं नाही.

परवा सगळा हॉल ओरडायला लागला तेव्हा मीही ओरडलो. मी नाही होणार तू. जोरात ओरडलो, दोनदा. त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नसणार, ताईलाही नाही. फार बरं वाटलं. मग बाहेर पायरीवर येऊन बसलो, आणि त्यांची इतकी आठवण आली की ताईला माझ्याशेजारी बराच वेळ बसावं लागलं.

रविवारी लेकीला घेऊन ये. टायरही बघू.

माझा घसा अजून बसलेला आहे. कशाने बसला म्हणून तुझी आई विचारत होती. थंडीने, असं सांगितलंय. तुला विचारलं तर तूही तेच सांग.

बाबा