आखूड बोर्ड आणि मिस्त्रींची पट्टी

मिस्त्री, एक वस्तू आखूड करायची होती आणि ती कुठून आखूड करायची हे मला दीड महिना सुचत नव्हतं. आता सुचलंय, पण ते सांगायला ह्या विषयातलं कळणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी आता चोपन्न वर्षांचा आहे, वजन शहाऐंशी किलो, उजव्या गुडघ्यातली गादी झिजलेली. हे आकडे आधीच देतो, कारण पुढचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे, आणि त्यांतला एक मी मध्यंतरी खोटा सांगितला.

तो नऊ फुटी लाँगबोर्ड, लाटेवर उभं राहायची फळी, तुम्ही पाहिलात. उद्यमबागेत, ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या आपल्या पॅटर्न शॉपमध्ये, मागं जिथं तुम्ही सागाच्या फळ्या वाळत ठेवायचा, तिथं मी दुपारच्या सुट्टीत त्याचा सांगाडा जुळवत होतो. त्याआधी वास्कोला पंपाचं एक पॅटर्न पोचवायला गेलो होतो. काम लवकर आटपलं म्हणून समुद्रावर गेलो, तर एक दाढीवाला परदेशी माणूस लांबलचक फळीवर उभा राहून लाटेबरोबर येत होता. आणि येता येता त्या फळीवरून पावलं टाकत पार पुढच्या टोकापर्यंत चालत गेला, गच्चीवर फिरावं तसा. तो बाहेर आल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. खिशातून टेप काढली आणि बोर्ड मोजला. नऊ फूट दोन इंच लांब, साडेबावीस इंच रुंद, मधोमध तीन इंच जाड. तो हसत उभा राहिला. बेळगावला येऊन पातळ प्लाय आणि पाइनच्या पट्ट्या घेतल्या, माशाच्या काट्यासारखा सांगाडा केला. तुम्ही हातात भाकरी घेऊन तिथं आलात.

"हे कसलं पॅटर्न रं?"

"पॅटर्न न्हाय मिस्त्री. बोर्ड हाय. समुद्रावर न्यायचा."

"म्हणजे होडी."

"होडीत बसत्यात. ह्याच्यावर उभारायचं आणि लाट धरायची."

"लाट धरून काय करायचं?"

"काय न्हाय. किनाऱ्याला यायचं."

"मग आधी किनाऱ्यावरच थांबावं की!" तुम्ही शेंगाचटणी लावलेला घास तोंडात टाकला आणि सांगाड्याभोवती एक फेरी मारलीत. "शहापुरात आमच्या चार पिढ्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. तू पाण्यावर उभारतोयस. बरं हाय." मग डोळे मिटून फासळ्यांच्या कडेवरून तळहात फिरवलात आणि जाताना म्हणालात, तिसरी फासळी उठलीय. तुम्ही गेल्यावर मी मोजलं. अर्धा मिलिमीटर.

त्या बोर्डावर मी एकटा शिकलो. दर रविवारी पहाटे निघायचं, पिरनवाडीला चहा, जांबोटीवरून चोर्ला घाट, मग गोवा. चहावाला दर खेपेला विचारायचा, "मालक, विमानाचा पंख कुठं घावला?" दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी लाटेवर उभा राहून चार पावलं पुढं चालत गेलो. चार. त्यानंतर वीस वर्षं ती चाल हीच माझी श्रीमंती होती.

मग गुडघा गेला. पालथं झोपून हातांनी पाणी मारत जायचं आणि लाट आली की एका झटक्यात पायांवर यायचं, तो झटकाच बंद झाला. डॉक्टर म्हणाले, उभारा, चाला, पण उकिडवं बसायचं नाही. म्हणून मी वल्ह्याच्या बोर्डावर आलो. ह्यात आधीपासून उभंच राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पुढं जायचं. स्टँड-अप पॅडल म्हणतात. पहिला घेतला तो दहा फूट सहा इंच लांब, बत्तीस इंच रुंद. सासुरवाडी निपाणीची, मेव्हण्याचं रान वेदगंगेला लागून, तिथं सपाट पाण्यावर सराव केला. मेव्हणा बांधावरनं ओरडला, "दाजी, दाराची फळी काढून आणलासा काय?" चिडलो खरा, पण शब्द बरोबर होता. लाटेवर तो बोर्ड दारासारखाच वागायचा. सरळ जायचा, वळ म्हटलं की विचार करायचा. तेवढ्यात लाट निघून जायची. वर्षभरात मला कंटाळा यायला लागला, आणि कंटाळ्याची मला गुडघ्यापेक्षा जास्त भीती वाटली. आखूड बोर्ड जमला तर मी लाटेवर राहणार होतो, नाही जमला तर घरी. मधली वाट नव्हती.

मग मी वही घेऊन बसलो. मला वाटलं, सोपं आहे. दहा फूट सहा म्हणजे एकशे सव्वीस इंच. ह्याला आठ दशांशनं गुणू. लांबी आली शंभर पूर्णांक आठ इंच, रुंदी पंचवीस पूर्णांक सहा, जाडी त्याच प्रमाणात. सगळं एकाच मापात उतरवलेलं, देखणं. ते रेखाटन घेऊन मी गोव्यात, किनाऱ्यावर बोर्डांची शेड चालवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. पस्तिशीच्या असतील, मूळच्या गडहिंग्लजच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या. कागद बघितला आणि मान वर न करता म्हणाल्या, "काका, हे लई सुंदर काढलाय. भिंतीला लावूया. वजन किती तुमचं?"

"ऐंशी."

"आणि ह्याच्या आधी?"

"लाँगबोर्ड. बावीस वर्षं."

"मग तर अवघडच हाय," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं नाही.

माझ्या मापाच्या जवळचा एक बोर्ड त्यांच्याकडं होता, आठ फूट चार, सव्वीस इंच रुंद, पंचाण्णव लिटरचा. लिटर म्हणजे बोर्ड किती पाणी बाजूला सारतो ते. लिटर जितके जास्त, तितकं वजन तो तोलतो. मी म्हटलं, हाच द्या. त्या नको म्हणाल्या, मी हट्ट केला. कंबरभर पाण्यात त्यावर चढलो आणि उभा राहिलो, तर बोर्डच दिसेना. पाणी घोट्याच्या वर. दुरून बघणाऱ्याला मी येशूसारखा पाण्यावर चालताना दिसलो असेन, फक्त चालत नव्हतो, पडत होतो. अकरा वेळा पडलो. मी मोजतो, तुम्हाला माहीत आहे. त्या किनाऱ्यावरून ओरडल्या, "काका, हे ऐंशी किलो न्हवं हं!"

बाहेर येऊन वाळूत बसलो आणि खरं वजन सांगितलं. जो माणूस पाव मिलिमीटरसाठी काम परत करतो, त्यानं सहा किलो खाल्ले होते. पण मला खरा त्रास वेगळाच होत होता. माझं गणित चुकलं कुठं? आकडे बरोबर होते. गुणाकार तर मी दोनदा तपासला होता. मग बसल्या बसल्या मला तुमची पट्टी आठवली, आणि मी त्या बाईंना ती समजावून सांगायला लागलो. पॅटर्न म्हणजे लाकडाची हुबेहूब वस्तू, ती वाळूत दाबून ठसा घ्यायचा, त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं. त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा साधारण एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. मोजणाऱ्याला हिशेब करायला नको.

त्याच पट्टीनं मी एकदा गिअरच्या पेटीचं पॅटर्न केलं होतं, आतून बाहेरून, सगळं बिनचूक. तीन दिवसांचं काम. तुम्ही ते उचललं, पेटीच्या आत हात घातला आणि परत बाकावर ठेवलंत.

"मोड."

"का? पट्टीनं मोजलंय."

"आत काय येतंय हितं?"

"कोअर." म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गड्डा.

"मग लोखंड आत आकसाय गेलं की त्यो गप बसंल व्हय? त्यो अडिवणार. जितं अडतंय तितं कमी आकसतंय. सगळीकडं एकच पट्टी लावायला मिस्त्री कशाला पायजे? कारकून बी चालतोय."

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. हातातलं वल्हं वाळूत रोवून म्हणाल्या, "मग सोपं हाय की काका. बोर्ड आखूड झाला म्हणून तुमच्या पायांतलं अंतर आखूड होणार हाय काय? ते तेवढंच राहणार. तिथं रुंदी कापायची न्हाई." आणि आत जाऊन एक बोर्ड घेऊन आल्या. आठ फूट दोन इंच. मी मागितला होता त्यापेक्षाही आखूड! पण रुंदी एकतीस, लिटर एकशे वीस. नाक बोथट, मागचं टोक रुंद, दिसायला ढब्बू. मला तो आवडला नाही. लाँगबोर्डवाल्याच्या डोळ्याला लांब, निमुळती रेघ सवयीची असते. हा म्हणजे पाट वाटत होता. त्यावर चढलो आणि उभा राहिलो. उभाच राहिलो. बोर्डाचा पृष्ठभाग कोरडा. मी खाली बघत बसलो, इतका वेळ की त्या म्हणाल्या, "काका, समुद्र तिकडं हाय."

लांबी म्हणजे स्थिरता, असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो. ते सरळ जाण्यापुरतं खरं होतं. उभ्या माणसाला आडवं कोण सांभाळतं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण लाँगबोर्डवर मी उभा राहायच्या आधीच लाटेनं वेग दिलेला असायचा. वेग असला की अरुंद फळीही पायाखाली घट्ट वाटते. इथं मी लाटेची वाट बघतही उभाच. किती साधी गोष्ट आहे! तुम्ही असता तर पहिल्या मिनिटाला विचारलं असतंत, "त्यो थांबलेला असताना काय करतंय?"

सगळं लगेच जमलं असं नाही. आखूड बोर्डाला वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला तोंड फिरवायची खोड असते. उजवीकडं मारलं की डावीकडं बघतो, डावीकडं मारलं की उजवीकडं, नंदीबैलासारखा. दांडा उभा धरायचा, फटका आखूड मारायचा, पायांच्या पुढंच संपवायचा, हे कळायला एक सकाळ गेली. दुसऱ्या सकाळी लाट मिळाली, कंबरेएवढी, डावीकडं उघडणारी. मी सवयीनं पुढं चालायला लागलो. दुसऱ्याच पावलाला नाक बुडालं आणि मी बोर्डावरून पुढं फेकला गेलो. "पुढं जाऊ नका काका, तिकडं घर संपलंय!" बाई किनाऱ्यावरून ओरडल्या. तिसऱ्या सकाळी पाऊल मागं टाकलं, शेपटीखालच्या उभ्या पात्यांच्या बरोबर वर, गुडघा थोडा सोडला आणि नुसतं त्या बाजूला बघितलं. बोर्ड वळला. मी वळवलाही नव्हता. मी मोठ्यानं हसलो, एकटाच, तोंडात खारं पाणी जाईपर्यंत. चार पावलांची माझी श्रीमंती गेली, ते खरं. पण ह्या वळण्याबद्दल मला काहीच माहीत नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी काहीच माहीत नसलेली एक गोष्ट हातात असणं मला फार बरं वाटतंय. वही नवी केली.

तो आठ-दोन मी घेतला. जुना लाकडी बोर्ड शेडमध्ये टांगायला त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो गाडीच्या टपावरून उतरवून घेतला, बोटाच्या पेरानं वाजवून बघितला. "काका, हे काम कुणाकडं शिकलात?"

इथं मला थांबावं लागतंय. कारण हाच प्रश्न आपल्या शॉपमध्ये एका पाहुण्या इंजिनियरनं विचारला होता, माझं पॅटर्न हातात घेऊन. तुम्ही चार हातांवर रंधा मारत होता. मी म्हणालो, "माझं मीच शिकलो, साहेब." तुमचा रंधा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर तुमचा गोल रंधा होता, तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता तो. "घे. हे बी आपलं आपनच चालतंय." तुम्ही हसत म्हणालात, आणि मी तो घेतला. तुम्ही चिडला होता की देत होता, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही कामावरून निवृत्त झालात, त्याच्या पुढच्या वर्षी गेलात. मला पंधरा दिवसांनी समजलं. आणि "माझं मीच" हे मी त्यानंतरही वीस वर्षं सांगत आलो. लाटेच्या बाबतीत ते खरं होतं, म्हणून लाकडाच्या बाबतीतही खपून गेलं.

ह्या वेळी मी म्हणालो, "मिस्त्रींकडं. शहापूरचे होते." म्हणायला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"नाव काय त्यांचं?"

मिस्त्री, तुमचा रंधा किती अंशांवर लावलेला होता ते मला सांगता येतं. मस्टरवर तुमचं आडनाव आणि पुढं दोन अक्षरं असायची, तेवढं आठवतं. ती अक्षरं कशाची, हे दहा वर्षं शेजारी काम करून मी एकदाही विचारलं नाही. मी त्या बाईंना म्हटलं, सांगतो पुढच्या खेपेला. त्याला पाच आठवडे झाले. शहापूर माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर आहे, तुमच्या गल्लीत कुणीही सांगेल. मी अजून गेलेलो नाही.