तक्रारीखालची सही

संघप्रिया, जय भीम.

मेडिकल कौन्सिलकडे गेलेल्या तक्रारीखाली त्या रिक्षावाल्याची सही आहे. पण तक्रार मी लिहून दिली होती. तू विचारलंस तेव्हा मी "मला काय माहीत" म्हणालो.

लिहिलं ते खरंच होतं. त्याच्या कपाळाला टाके घालताना तुझा हात थरथरला, टाके वाकडे पडले. मी मदतीला शेजारीच उभा होतो. तुला बाजूला घेऊन "आधी स्वतःला तपासून घे" म्हणू शकलो असतो. पण गोडदेवात एकाच गल्लीत आपले दोन दवाखाने, आणि चपलांचा ढीग तुझ्याच दारात. माझ्याकडे आलेली माणसंही विचारायची, "मॅडम आज नाहीत का?" वर्षानुवर्षं ते ऐकून मी आतून जळत होतो.

चौकशीत तुझा आजार निघाला. कौन्सिलने तुझं टाके घालणं, ऑपरेशन करणं बंद केलं, पेशंट तपासायची परवानगी ठेवली. निकाल कळला तेव्हा मला बरं वाटलं. आता गल्ली माझ्याकडे वळेल, असं वाटलं.

काल तुझ्या दारावरून जाताना आत पाहिलं. बाकावर जागा नव्हती. इंदूबाईंची नाडी बघताना तुझी बोटं हलत होती. त्यांनी दुसऱ्या हाताने तुझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "सावकाश बघ पोरी, मला कुठं घाई हाय?"

मला रडू यायला हवं होतं. पण तेव्हाही मला तुझा हेवाच वाटला. म्हणून हे पत्र तुला देणार नाही.

तुझा,
उदयदादा