बोर्डावरचे माझे दोन टाके

प्रिय प्रसेनजीत,

गेल्या आठवड्यात तुझी सोनम शाहूपुरीत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली. पिशवीतून एक बोर्ड काढून म्हणाली, "काका, पप्पांनी ह्याला कुणाला हात लावू दिला न्हाय. बघा की चालू हुतोय का." डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आपण दोघांनी बनवलेला कॉम्प्युटर. अडतीस वर्षं तू तो जपलास, आणि मी अर्ध्या तासावरच्या तुझ्या गडमुडशिंगीला एकदाही फिरकलो नाही.

गिऱ्हाइकाचा असता तर मोडीत घाला म्हणालो असतो. पण चार दिवस त्याच्यापुढेच बसलो. व्होल्टेज ठीक, चिपा शाबूत, तरी डिस्प्लेवर काही उमटेना. शेवटी रिसेटची पिन तारेनं क्षणभर ग्राउंडला टेकवली, तर आकडे उजळले. म्हणजे वीज आल्यावर प्रोसेसरला जरा थोपवून धरणारा कपॅसिटर कामाचा नव्हता. वीज स्थिरावायच्या आत प्रोसेसर सुटायचा आणि अडकायचा. बोर्ड उलटा केला. तुझे सोल्डरिंगचे टाके किती सुबक रे. त्या कपॅसिटरचे दोनच तेवढे ओबडधोबड.

ते माझे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तू एसटी गाठायला गेलास, आणि मी नसता शहाणपणा करून बोर्ड पुसायला घेतला. कपॅसिटरचा पाय मोडला. आमच्या आण्णांच्या रेडिओ-दुकानातल्या भंगारातून दिसायला तसाच एक आणून बसवला, त्याच्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा न वाचताच. तीनदा चालू करून पाहिला, चालला. सकाळी परीक्षकांसमोर चालला नाही. सोल्डरिंग कुणाचं, असं सरांनी विचारलं आणि मी तुझ्याकडे बोट केलं. "ह्यांचं असंच असायचं," सर म्हणाले. त्या 'ह्यांचं'मधली जात तुला कळली, मलाही कळली. मी पास झालो. तू पुन्हा परीक्षेला बसलाच नाहीस. मला लाज वाटते, प्रसेनजीत.

योग्य कपॅसिटर घातलाय. आता बोर्ड दर वेळी चालू होतो.

तुझ्या अंगावरून वारं गेलंय, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, असं सोनम म्हणाली. येऊन तुझ्या कानात सांगितलं असतं तर मी सुटलो असतो, आणि तुझ्या लेकीला काहीच कळलं नसतं. बोर्ड आपल्याच हातून बिघडला, असं तू तिला सांगत आलास, हेही तिच्याकडूनच कळलं. म्हणून लिहून पाठवतोय, कारण तुला हे तीच वाचून दाखवणार. सोनम, बाळ, तुझ्या पप्पांनी काहीही बिघडवलं नव्हतं.

तुझाच,
उदयसिंह