चौथ्या पायरीजवळची भिंत

इंदापूर, शुक्रवार

प्रिय अबरारभाई,

१. सोमवारी पहाटे टाकीचा कॉक सोडून अब्बा जिना उतरत होते.
२. खालून चौथ्या पायरीवर त्यांनी तुझ्या खोलीच्या पार्टिशनवर हात मारला.
३. प्लायचा तक्ता चौकटीतून सुटला. अब्बा त्याच्यासकट पलीकडे, तुझ्या पलंगावर पडले. पलंग होता म्हणून वाचले.
४. डावं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. बाकी ठीक.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. ते पार्टिशन तुझ्या लग्नाआधी आपण दोघांनीच घातलं होतं. तू तक्ते धरलेस, मी लेव्हल बघितली. माझं सिव्हिल डिप्लोमाचं पहिलं वर्ष होतं, फार शहाणपणा केला. नऊ मिलिमीटरचं प्लाय. खालची पट्टी आता वाळवीनं खाल्लीय, पण दोष एकट्या वाळवीचा नाही. स्क्रूची भोकं सैल झालीत, आणि तीही एकाच उंचीवर. अब्बा तुला फजरच्या नमाजाला उठवायला तिथंच ठोकायचे. तुम्ही बारामतीला गेलात त्याला चौदा महिने झाले. ते अजून रोज ठोकतात. मी वरच्या खोलीतून ऐकते. कधी अडवलं नाही.

काल बिरू गवंडी आला. मी चार इंची विटेची भिंत सांगितली. अब्बा खुर्चीतून म्हणाले, "बिरू, पातळच बांध." तो म्हणाला, "चाचा, परत पडायची हौस हाय का?" तर अब्बा म्हणतात, "ठोकलं तर पलीकडं ऐकू गेलं पाहिजे." बिरू हसायचा थांबला. मग मला म्हणाला, "ताई, जिन्याकडनं दार सोडायचं आसंल तर आत्ताच सांगा. मागनं फोडाय लावू नका." सध्याचं दार बैठकीतून आहे. सलिमाभाभीला दर वेळी सगळ्यांसमोरून जावं लागायचं. नकाशा काढताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दमलेय, भाई. दिवसभर बारामतीत साइटवर असते, संध्याकाळी भवानीनगरवरून एसटीनं घरी. तीनदा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि परत फिरले.

भाभीचं बाळ जाऊन अठरा दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. जिन्यात बसून मी अम्मीला म्हटलं, "एवढं काय झालंय पडून राहायला?" आवाज चढवला नव्हता. पण त्या प्लायमधून कूस बदललेलीही ऐकू येते, हे मला माहीत होतं. तिनं ऐकावं म्हणूनच बोलले. तू विचारलंस तेव्हा, असं काही बोललेच नाही म्हणाले. अब्बांना अजून वाटतं, तुम्ही तुझ्या नोकरीसाठी गेलात. हे भाभीला वाचून दाखव. मी तिची माफी मागते. तिनं ती द्यावीच असं नाही. विटेच्या भिंतीवर ठोकलेलं पलीकडे जात नाही, दारावर ठोकता येतं. बिरू येत्या गुरुवारी पहिला थर लावणार आहे. दार सोडायचं का, ते बुधवारपर्यंत कळव.

तुझीच,
सुहाना