कणगीची शिडी

प्रिय चेक्वेल,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण दात-ओठ खात लिहिलं. भाजीच्या ट्रकवाल्याने परवा तुझी चिठ्ठी आणून दिली. तेव्हापासून दोनदा मक्याच्या पिठाचा पोशो करपला आणि शेजारणीशी मी विनाकारण भांडले. आधी खुशाली सांगते, नाहीतर रागात राहून जाईल. तुझी लेक चेरोप इथल्या शाळेत वर्गात तिसरी आली. तेराव्या वर्षीच माझ्यापेक्षा उंच झाली आहे. शिलाई मशीनला तेल घालताना मलाच शिकवते, “अगं मावशी, इतकं नाही घालायचं!”

रेडिओवर एक बाई दर आठवड्याला सांगते, की डोंगरावरचे लोक अडाणी आहेत म्हणून मुलींची सुंता करतात. ऐकून माझं डोकं फिरतं. तू अडाणी होतीस का? सात इयत्ता शिकलीस. मला लहानपणी कापलेल्या जागी सुरीच्या जुन्या वणाने वाट दिली नाही आणि माझं पहिलं बाळ अडून गेलं, तेव्हा दहा वर्षांची तू माझा हात धरून बसली होतीस. त्याच दिवशी बाबांनी भर अंगणात सांगितलं, “धाकटीला सुरी लागणार नाही. ज्याला पटत नसेल त्याने माझ्याकडे बिअर प्यायला येऊ नये.” म्हणून तू वाचलीस. आणि एवढं सगळं बघूनही एकोणतिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असताना, आपल्या पायांनी चालत त्या कापणाऱ्या म्हातारीपुढे जाऊन उभी राहिलीस.

का गेलीस ते मला ठाऊक आहे, आणि राग त्याचाच आहे. कोणी बांधून नेलं नाही, कोणी मारलं नाही. नुसती एक हाक होती. “ए पोरी!” सासू म्हणायची, जाऊ म्हणायची, काल आलेली अठरा वर्षांची सवतसुद्धा म्हणायची. जिला कापलं नाही ती बाईच नाही, पोर. आणि पोरीने गोठ्यातलं शेण उचलायचं नाही, गाईची धार काढायची नाही, कणगीवर चढायचं नाही; चढली तर म्हणे आतला मका सडतो. मका तू पेरायचा, तू खुडायचा, पाठीवरून तू वाहायचा, आणि त्यातला सूपभर काढायला सासूच्या विनवण्या करायच्या. ती कुठे मयताला गेली, की तुझी लेकरं संध्याकाळपर्यंत उपाशी. साहेब लोकांनी सुरीवर बंदी घातली. पण कणगीची शिडी कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारायला एकही साहेब डोंगर चढून आला नाही. आणि तुझा नवरा सोयेक्वो? “बायकांचं बायका बघून घेतील,” एवढं बोलून मोकळा. गिळायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर!

आता माझं सांगते. दोन वर्षं ते घशाशी अडकलं आहे. त्या वर्षी काढणीला मी तुझ्याकडे आले होते. घरात मोठं कोणी नव्हतं, मी माहेरची, तुमच्या कणगीला हात लावू शकत नव्हते, धाकटा भुकेने रडत होता, आणि तू शिडी लावून सरसर वर गेलीस. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुपारी बायकांत बसले असताना मी हसत हसत सांगूनही टाकलं, “आमची चेक्वेल कशी चढली, बघायला हवं होतं! कुठे सडला तुमचा मका?” मला वाटलं, हसतील. कोणीच हसलं नाही. सासूने कणगी रिकामी करवली, सगळा मका गुरांपुढे ओतायला लावला, आणि गाव बघायला जमलं. तू माझ्याकडे फक्त एकदा पाहिलंस. पुढे डिसेंबर आला. वर्ष सम होतं, म्हणजे कापण्याचंच, आणि इथली बंदी चुकवून तू सीमेपलीकडे जाऊन कापून घेऊन आलीस. तुला ढकलणाऱ्यांत माझी जीभ पहिली होती, चेक्वेल. मला माफ कर, किंवा करू नकोस.

आणि आता तू लिहितेस, “ताई, हे वर्ष पुन्हा सम आहे. शाळेला सुट्टी लागली की चेरोपला पाठव. मी भोगलं ते तिच्या वाट्याला नको. एकदाच दुखेल, मग जन्मभर कोणी तिला पोरी म्हणणार नाही.” मायेने लिहिलंयस, म्हणूनच माझा जास्त संताप होतो! चेरोप येणार नाही. सोयेक्वो न्यायला आला तर मी पोलीस चौकीवर जाईन आणि पहिलं नाव माझ्या सख्ख्या बहिणीचं देईन. पण हे पत्र तुला धमकवायला लिहिलेलं नाही. तुझी चिठ्ठी माझ्याआधी चेरोपने वाचली होती. माझ्या हातात देताना ती म्हणाली, “आईला बरं वाटणार असेल तर जाते मी, मावशी.” मी ओरडले, रडले, माझ्या बाळाची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे कपड्यांची पिशवी भरायला घेतली. माझं ती ऐकत नाही. ‘येऊ नकोस’ हे तू लिही, तुझ्या अक्षरात. ट्रकवाला गुरुवारी सकाळी तुझ्या दाराशी थांबेल.

तुझीच, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
यापसीवाताई