शालूच्या मोरीमागचं तळं

६ ऑगस्ट ७५, पलूस
माझं विनोदी सदर साभार परत. संपादक म्हणतात, 'आणीबाणी आहे, सध्या विनोद नको.' ठीक. मागच्या दारी खणलेल्या तळ्याकडं बघत बसलो. बेडकांना चढता यावं म्हणून एका काठाला उतार ठेवलाय. शेपटीवाली पिल्लं वळवळताहेत. चतुर आले, सकाळी खंड्याही. सेन्सॉरची कुणालाच पर्वा नाही.
संध्याकाळी साप.

७ ऑगस्ट
सौ.चं एकच टुमणं, तळं बुजवा. लेक शालू पहिल्या बाळंतपणाला फलटणहून यायचीय. तिच्या खोलीच्या मोरीचं भोक नेमकं तळ्याकडं. म्हटलं, "दिवड आहे. पाण्यातला. बिनविषारी." फार ठामपणे म्हटलं. पाहिली होती फक्त शेपटी.

९ ऑगस्ट
शेजारचे रिटायर सुभेदार पाहणीला. "आवं लेखक, दिवड न्हवं ह्यो. नाग हाय. फडा बघितला म्या."
"चष्मा होता का?"
"चष्मा कशाला? लढाई बघितलीया ह्या डोळ्यांनी."
हरलो. तळं बुजवायचं. पण पंचमीला माती उकरत नाहीत, म्हणून पंचमीनंतर. गडी सांगून ठेवला.

नागपंचमी
सुभेदारांनी गल्लीभर केलं. बायका ताटं घेऊन थेट मागच्या दारी. दूध, लाह्या, हळदकुंकू, सगळं तळ्यात. "अहो, वाटीत ठेवा की!" कोण ऐकतंय. सौ. सगळ्यांच्या पुढं. पाणी पांढरं.

१४ ऑगस्ट
पाणी नासलं. वास. बरीच पिल्लं पोट वर करून. उपसायला बादली घेतली, तर सौ. आडवी.
"पूजलेलं पाणी आहे ते."
"तूच बुजवा म्हणत होतीस ना?"
"तेव्हा तो साप होता."
गडी आला तो फावड्याशिवाय. "नगं मालक. मला बी पोरंबाळं हायती."
शालू यायची, आणि आता बुजवायची घाई एकट्या मला.

१६ ऑगस्ट
बुजवणं होत नाही, तर निदान पिल्लांसाठी सौ.चा डोळा चुकवून ताजं पाणी ओतलं. उताराशी थोडी पिल्लं हलताहेत अजून.
सुभेदारांना गाठलं. खरं सांगा, फडा पाहिलात?
"बघितल्यागत वाटलं बगा."
वाटलं!
शालूच्या मोरीत बोळा कोंबला. सौ.नं काढला. "वाट अडवू नये त्याची." पुन्हा कोंबला. पुन्हा काढला. लांबून, काठीनं, पण काढला.
शालू उद्या दुपारच्या एस.टी.नं. साप पंचमीपासून दिसलेला नाही. सौ. म्हणते, तो आपल्या जागी गेला.
जागा कुठली, एवढंच जर कळलं असतं. कंदील घेऊन शालूच्या खोलीत बघून येतो.