शिरीषचे पांढरे कपडे

ईसा टाउन, बहरीन

प्रिय स्मिता,

शाळा सुटली, मुलांच्या बसेस गेल्या. स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे. घरी जायचं मन होत नाही, म्हणून इथेच लिहायला बसले. तुझ्या मेसेजला इतके दिवस उत्तर दिलं नाही. फोन केला असता तर नुसती रडले असते आणि बोलायचं राहून गेलं असतं.

परवा शिरीषचं ऑफिसातलं सामान घरी आलं. चष्मा, डबा, एसीत घालायचा तो करडा स्वेटर. त्याच्याबरोबर काम करणारा अर्सलान घेऊन आला होता. हिद्दच्या प्लँटमध्ये शिरीषच्या छातीत कळ आली, तेव्हा हाच जवळ होता. मी सरबत दिलं. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "भाभी, शिरीषभाई चहा का घेत नाहीत ते मी कधी विचारलं नाही. कँटीनवाल्याला फक्त सांगून ठेवलं होतं, यांना लिंबूपाणी द्यायचं." एवढंच बोलला आणि गेला. दार लावून मी तिथेच खाली बसले. आमच्या धर्मात चहा वर्ज्य; पण त्याचं कारण न विचारता इतकं साधं वागणं माझ्या वाट्याला किती कमी आलं, ते तेव्हा कळलं.

अंत्यविधीच्या दिवशी पुण्यात तू मला आतल्या खोलीत घेऊन बसलीस. त्याआधी बाहेर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. मी बॅगेतून शिरीषचे पांढरे कपडे काढले होते. हाँगकाँगला आमच्या चर्चच्या मंदिरात आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हाचे. आमच्यात माणूस गेला की त्याला ते घालतात. दहन करू नका असं मी म्हटलंच नव्हतं, त्याआधी एवढं करा म्हटलं. शिवदास भाऊजींनी पिशवी उघडूनही पाहिली नाही. म्हणाले, "हा जादूटोणा आमच्या दारात नको. मोबाईलवर सगळं वाचलंय आम्ही." मागून कोणीतरी म्हणालं, व्हिसासाठी अमेरिकन चर्चला धर्म विकला यांनी. ज्याने भुकेला असतानाही दुसऱ्याच्या ताटाला कधी हात लावला नाही, त्याच्या देहासमोर हे बोलले. मी पिशवी परत आणली. आता ती इथे कपाटात आहे.

इथे तरी काय वेगळं? वरच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई भेटायला आल्या. माझा हात हातात घेऊन बसल्या, आणि निघताना म्हणाल्या, तुम्ही लोक खरे ख्रिश्चन नाही ना, म्हणून तुमच्या नवऱ्याची काळजी वाटते. आपल्या लोकांच्या लेखी आम्ही ख्रिस्ती झालो, ख्रिस्ती लोकांच्या लेखी झालोच नाही. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, प्रार्थनेत येशूच्याच नावाने मी पावाचा तुकडा आणि घोटभर पाणी घेते, हे किती जणांना सांगू? सांगून सांगून जीभ थकली गं. हल्ली कोणी विचारलं तर मान हलवते आणि विषय बदलते.

आमची मनाली गेली तेव्हा तू बाळंतीण होतीस, येऊ शकली नाहीस. चार वर्षांची पोर. कोणी म्हणालं मागच्या जन्मीचे भोग, कोणी म्हणालं दुसरं होईल. आज मी जिथे जाते, त्याच जनाबियातल्या चर्चच्या प्रार्थनेला जाणारं एक कुटुंब शेजारी राहायचं. ते जेवण आणून ठेवत आणि निमूट जात. पुढे कधीतरी आम्हीच विचारलं, तेव्हा म्हणाले, ती अजूनही तुमचीच आहे. व्हिसा नव्हे, हे मिळालं आम्हाला. हाँगकाँगला आम्ही समोरासमोर गुडघे टेकले, मरणापलीकडेही एकमेकांचे आणि मनाली आमची, म्हणून. त्या वेळी मला तू वडाला गुंडाळतेस तो दोरा आठवला होता. शिरीषला सांगितलं तर म्हणाला, स्मिताला बरोबर कळेल हे.

आणि तुझा मेसेज आला. "वहिनी, रागावू नकोस. दादाला तिकडे दुसरी बायको होती का? त्यांच्यात चालतं म्हणतात. शिवदासदादा म्हणतो, उद्या कोणी दारात उभी राहिली तर आधी माहीत असलेलं बरं." परक्याने विचारलं असतं तर नेहमीसारखं सांगितलं असतं, की आमच्यातली ती प्रथा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बंद झाली, आज कोणी तसं केलं तर त्याला चर्चमधून काढतात. पण तू त्याच्या पाठीवरची बहीण. त्याच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलीस. तुलाही तो कोण होता ते मोबाईलवरच्या ऐकीव गोष्टींवरून ठरवावं लागलं. मला विचारलंस ते बरं केलंस, असं लिहिणार होते. ते खोटं होईल. उत्तर मात्र देते, भाऊजींनाही वाचून दाखव. शिरीषला एकच बायको होती. ती आता शुक्रवारी प्रार्थनेहून एकटी घरी येते.

अजून तरी तुझीच,
निवेदिता वहिनी